चार हातांवरच्या शालूमावशी

१८ नोव्हेंबर. आजचं पहिलं काम, शालूमावशींचा हयातीचा दाखला.

अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. नोव्हेंबर महिना म्हाताऱ्यांचा. पेन्शन चालू राहावी म्हणून आपण जिवंत आहोत हे त्यांना दरवर्षी सरकारला कळवावं लागतं. पूर्वी बँकेत जाऊन सही करायची, आता मोबाइलसमोर चेहरा धरायचा आणि सांगितलं की पापण्या मिटायच्या. माणूस जिवंत असेल तर दोन मिनिटांचं काम आहे.

शालूमावशींना पाऊण तास लागला. मोबाइल समोर धरला की त्या मागे सरकतात.

"मावशी, चेहरा चौकटीत आणा."

"आणला ना गो."

"अजून जवळ या."

"हितून दिसतंय की सगळं!"

असं म्हणत त्या एक पाऊल मागे. मी एक पाऊल पुढे. त्या आणखी मागे. मी मोबाइल धरून पुढे आणि त्या पदर सावरत मागे, अशा आम्ही दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो. बेलफुलं विकणारी बाई ओरडली, "ओ आजी, परडीत बसताय काय?" मोबाइल तेवढ्यात बजावत होता की समोर चेहराच सापडत नाही. शेवटी मी त्यांना आत नेऊन लोखंडी कपाटाला पाठ लावून उभं केलं. मागे जायला जागाच उरली नाही, तेव्हा कुठे शालिनी म्हसकर जिवंत असल्याचं सरकारला पटलं.

मावशींचं हे रोजचं आहे. समोर माणूस असो, यंत्र असो, देव असो, त्या चार हात अंतर ठेवून उभ्या राहतात. भाजी घेताना भाजीवाल्यापासून चार हात. मध्ये दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहतं आणि मावशींची मेथी त्याच्या डोक्यावरून पास होते. शिवमंदिरात गाभाऱ्याच्या पायऱ्या त्या उतरत नाहीत, वरूनच हात जोडतात. "देवाला ऐकू येतं तिथून?" म्हणून मी एकदा विचारलं. "माझं येतं," त्या म्हणाल्या.

येत असणार. त्यांचा आवाज तसा आहे. बारवीकडच्या एका गावात शेतकऱ्याच्या घरी त्या जन्मल्या. भात लावताना या बांधावरून त्या बांधावर बोलायचं, मध्ये चिखल, त्यामुळे जाऊन सांगायची सोय नाही. गळा तिथेच तयार झाला. लग्न होऊन त्या अंबरनाथला आल्या. नवरा कारखान्यात फिटर. चाळीतल्या भजनात मावशींनी तोंड उघडलं आणि शेजारच्या चाळीतलं भजन थांबलं, असं सांगतात. कुणीतरी त्यांना उल्हासनगरला कॅसेट कंपनीत नेलं, आणि त्यांचं आयुष्य कोरसमध्ये गेलं.

आजच्या मुलांना कॅसेट सांगावी लागते, कोरसही सांगावा लागेल. मुख्य गायिका एका माईकवर गायची. साथीला पाच-सहा बायका दुसऱ्या एका माईकभोवती अर्धगोल करून उभ्या. त्यांनी एकत्र असं गायचं की एकीचाही आवाज वेगळा ओळखू येता कामा नये. जिचा बारीक, ती माईकजवळ. जिचा मोठा, ती मागे. मावशींना पहिल्या दिवशी एक पाऊल मागे घेतलं, मग दोन, मग पार दाराजवळ. कंपनीचे शेठ सिंधी होते. काचेपलीकडून ओरडायचे, "साईं, ये शालू का गला मशीन में नहीं बैठता. पीछे, और पीछे!" शेवटी चार हातांवर आवाज मोजणाऱ्या मशीनचा काटा लाल पट्ट्यातून खाली येऊन स्थिर झाला आणि शेठनी तिथे जमिनीवर खडूने रेघ मारली. त्या रेघेवर मावशी बावीस वर्षं उभ्या राहिल्या. स्टुडिओ म्हणजे फर्निचरच्या गाळ्यावरची एक खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. खाली करवत सुरू झाली की रेकॉर्डिंग थांबायचं आणि शेठ खिडकीतून सुताराच्या आईबहिणीची चौकशी करायचे.

हळदीची गाणी, देवीची गाणी, कोळीगीतं, जत्रेची गाणी. मावशींचा आवाज नेमका किती कॅसेटींत आहे ते त्यांनाही माहीत नाही. एकाही कव्हरवर नाव नाही. वर मुख्य गायिकेचा फोटो, ठळक अक्षरात तिचं नाव, आणि सगळ्यात खाली मुंगीएवढ्या टाइपात 'आणि साथी'. मावशी त्यावर बोट ठेवून सांगतात, "ही मी."

अंतर त्यांच्या डोक्यात इतकं बसलंय की माणसंही त्या हातांनी मोजतात. गुळमुळीत, पुटपुटणारा माणूस म्हणजे 'दीड हाताचा'. बँकेतला तो खेकसणारा साहेब 'सहा हातांचा'. सुनेबद्दल विचारलं तर म्हणतात, "चांगली हाय, आठ हातांवरून." माझ्याबद्दल एकदा कुणाला तरी सांगताना ऐकलं, "तिला खोलीबाहेर उभी करा, तरी काटा लाल होईल." मी मनाला लावून घेतलं नाही. दुकान चालवायचं तर काटा लाल लागतो.

मुलगा पुण्याला असतो. रविवारी फोन करतो. मावशी फोन स्पीकरवर लावून फ्रिजवर ठेवतात आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन बोलतात. सगळ्या इमारतीला कळतं की त्यांच्या गुडघ्याचं काय चाललंय. मुलाला कळत नाही. "आई, आवाज तुटतोय, ठेवतो," म्हणून तो ठेवतो. मी एकदा म्हटलं, "मावशी, फोन कानाला लावा की. पोरगा दोन मिनिटं जास्त बोलेल."

"त्याला बोलायचं असतं तर त्यानं मशीन बदललं असतं," मावशी म्हणाल्या.

रेडिओवर गायचं मात्र त्यांच्या मनात होतं. तिथे नाव सांगतात. 'गायिका' म्हणून पूर्ण नाव, आडनावासकट. त्यासाठी आवाजाची चाचणी द्यावी लागायची. तुम्ही एका खोलीत, परीक्षक दुसऱ्या खोलीत, त्यांना तुम्ही दिसत नाही, फक्त ऐकू येता. मावशी तीनदा गेल्या. तिन्ही वेळा नापास. कागदावर शेरा होता, 'आवाज पोहोचत नाही.' ज्या बाईचा आवाज बारवीच्या खोऱ्यात पलीकडच्या डोंगरापर्यंत जायचा, तिच्याबद्दल सरकारचं हे मत. मला कळायला वेळ लागला नाही. त्या बंद खोलीत, एकट्या असताना, समोर कोरस नाही, मुख्य गायिका नाही, तरीही त्या माईकपासून चार हात मागे जाऊन उभ्या राहिल्या असणार.

"पुढे का नाही झालात?"

"पुढं बाईंची जागा असते."

"अहो, पण तिथे बाई नव्हत्या!"

"जागा तर होती ना?"

बाई म्हणजे कांचनबाई. मुख्य गायिका. आमच्या पट्ट्यात त्यांचं एक हळदीचं गाणं असं गाजलं की तीस-पस्तीस वर्षं झाली, अजून उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत कुणाची हळद त्याशिवाय होत नाही. माझ्या हळदीतही ते वाजलं होतं. लग्न टिकलं नाही, गाणं टिकलं. गाण्याला तीन कडवी आहेत. पहिली दोन सगळ्यांना पाठ. तिसरं लागलं की मात्र लोक नाचायचे थांबून ऐकतात, कारण तिथे आवाज अचानक मोकळा होतो, घरातली बाई अंगणात यावी तसा. मुलगी निघून जाणार आहे हे त्या कडव्यात कळतं. लोक म्हणायचे, कांचनबाईंनी तिसऱ्या कडव्यात जीव ओतलाय.

दोन वर्षांपूर्वी पालेगावला नव्या टॉवरमागच्या मंडपात आमच्या इमारतीतल्या एका मुलीची हळद होती. डीजेवर ते गाणं लागलं. मावशी नेहमीप्रमाणे गर्दीच्या मागे, कनातीला टेकून. तिसरं कडवं सुरू झालं आणि ओळीच्या मध्यावर वीज गेली. दिवे गेले, डीजे गेला. आणि गाणं चालूच राहिलं.

दहा सेकंद तरी. सगळ्यांना वाटलं, स्पीकरला बॅटरी असेल. मी मावशींच्या शेजारी होते म्हणून मला कळलं. तोच आवाज, तीच हरकत, श्वास घ्यायची जागासुद्धा तीच. ओळ संपल्यावर मावशींच्या लक्षात आलं की आपण एकट्याच गातोय. त्यांनी तोंडावर पदर धरला.

मी त्यांना हाताला धरून मंडपाबाहेर नेलं. "मावशी, ते कडवं तुमचं आहे."

"काय बोलतेस गो! नकला येतात मला, एवढंच."

"नक्कल अशी होत नाही. मी रोज ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही हाताळते."

मग त्यांनी सांगितलं. लग्नसराई तोंडावर. कॅसेटी भरायची मशीनं तयार, संध्याकाळपर्यंत मास्टर टेप द्यायची. कांचनबाई आदल्या तीन रात्री ऑर्केस्ट्रात गाऊन आलेल्या. दोन कडवी कशीबशी झाली आणि गळा बसला. नुसती हवा येऊ लागली. गरम पाणी झालं, ज्येष्ठमध झालं, शेठचं देवाचं नाव घेऊन झालं. मग संगीतकार काचेपलीकडून म्हणाला, "शालू, पुढे ये." मावशी बाईंच्या माईकपाशी गेल्या आणि एका दमात कडवं गायल्या. आयुष्यात त्या तेवढ्याच एकदा पुढे गेल्या. कांचनबाई कोपऱ्यातल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. रेकॉर्डिंग संपल्यावर शेठनी सगळ्यांना पेढे दिले आणि बाहेर बोलायचं नाही म्हणून सांगितलं.

"आणि तुम्ही बोलला नाहीत. इतकी वर्षं?"

"तू पण बोलू नको."

मी काय, बोलले. लगेच नाही, पण बोलले. उल्हासनगरला एका कॉलेजचं छोटंसं रेडिओ केंद्र आहे. मोबाइलवरही ऐकू येतं. त्यांनी गेल्या महिन्यात जाहीर केलं की आपल्या भागातल्या जुन्या हळदीच्या गाण्यांवर कार्यक्रम करणार, माहिती असणाऱ्यांनी कळवावं. मी कळवलं. सविस्तर, मुद्देसूद, फॉर्म भरावा तसं. मावशींना एवढंच सांगितलं की रेडिओवर बोलावलंय, कोरसबद्दल चार शब्द सांगायचे आहेत.

"नाव सांगतील?" मावशींनी विचारलं.

"आडनावासकट."

रेकॉर्डिंगच्या दिवशी मावशींनी जांभळी पैठणी नेसली. रेडिओवर साडी दिसत नाही हे मी सांगायच्या फंदात पडले नाही.

स्टुडिओ लहान, थंडगार. निवेदिका विशीतली, मराठी-हिंदी-इंग्रजीची मिसळ. "आजी, यू आर सो क्यूट! माईकच्या एकदम जवळ या ना. अजून. एकदम चिपकून!" मावशी खुर्चीसकट मागे. पोरीने खुर्ची पुढे ओढली. मावशी पुन्हा मागे. "आजी, ये माईक पास का ही पकडता है, दूर का नहीं. प्लीज!" शेवटी पोरीने माईकचा दांडाच त्यांच्या तोंडापाशी वळवला. मावशींनी कुणी विंचू पुढे केल्यासारखी मान मागे नेली आणि तशाच तिरक्या बसून राहिल्या.

मी काचेबाहेर. आत बोललेलं बाहेरच्या स्पीकरवर ऐकू येत होतं. खडूची रेघ, करवत, शेठ, सगळं त्यांनी झकास सांगितलं. पोरगी खिदळत होती. मग तिने आवाज खाली आणला आणि माझ्या पत्रातला प्रश्न विचारला.

"आजी, आज एक सिक्रेट ओपन करूया? या गाण्याचं तिसरं कडवं, ते तुम्ही गायलंय ना?"

मावशींनी काचेतून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग त्या स्वतःहून पुढे झाल्या, माईकला ओठ लागतील इतक्या, आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "नाय. तिसरं कडवं कांचनबाईंचंच हाय. तसा गळा दुसऱ्या कुणाचा नाय. आम्ही साथीत."

परतताना आम्ही रिक्षा केली. विम्को नाक्याच्या अलीकडे मावशीच म्हणाल्या, "तू मला विचारलं होतंस?"

"तुमच्या भल्यासाठी केलं मी."

"माझं भलं मोठ्या आवाजाचं हाय वाटतं तुझ्याकडं," मावशी म्हणाल्या आणि रिक्षावाल्याला ओरडल्या, "अरे, हळू!" त्याने दचकून ब्रेक मारला.

त्यानंतर आठवडाभर आम्ही कामापुरतं बोललो. आज दाखला झाला, मी कागद त्यांच्या पिशवीत घातला, तेव्हा त्या दारातूनच म्हणाल्या, "अजून एकीचा करायचाय. तिला येता येत नाय. बेलवलीला येशील?"

बेलवली बदलापूर पश्चिमेला. मावशी दर मंगळवारी डबा घेऊन बदलापूरला जातात हे मला माहीत होतं. बहीण असेल असं धरून चालले होते. घरी जाऊन दाखला करून देणं हे माझं धंद्याचं काम आहे. दुपारी दुकान बंद करून गेले.

तळमजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर. खाटेवर उशांना टेकून एक बाई बसलेल्या, उजवी बाजू लुळी, केस पांढरे पण टिकली ठसठशीत. भाची सोबत राहते, ती कामावर गेलेली. मी मोबाइल काढला. कॅमेरा बघताच बाईंनी हनुवटी उचलली, मान किंचित डावीकडे वळवली आणि अर्धं हसल्या. पहिल्या फटक्यात चेहरा चौकटीत. दाखल्यासाठी मी नाव विचारलं, तेव्हा कळलं की या कांचनबाई. मला वाटत होतं, त्या केव्हाच गेल्या.

मावशी तोवर घरच्यासारख्या वावरत होत्या. डब्यातली भाकरी, जवळ्याची चटणी ताटलीत काढली. बाईंचे केस सोडले, तेल लावलं, विंचरले, अंबाडा घातला. हे सगळं करताना त्यांचं चार हातांचं गणित कुठे गेलं होतं कोण जाणे. पण अंबाडा झाला, आणि त्या पुन्हा दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

"शालू, चार वाजले," कांचनबाई म्हणाल्या. त्यांची जीभ जड झालीय, पण शब्द कळतात.

मावशींनी भिंतीवरच्या फळीवर मोबाइल लावला. तो हळदीच्या गाण्यांचा कार्यक्रम आजच होता. मावशींनी स्टुडिओत असं का केलं ते मला तिथे, त्या खोलीत कळलं. बाई ऐकणार होत्या.

गाणं लागलं. पहिलं कडवं, दुसरं कडवं, कांचनबाई डाव्या हाताच्या बोटांनी खाटेच्या कडेवर ठेका धरत होत्या. तिसरं सुरू झालं आणि बोटं थांबली. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. मग निवेदिकेचा प्रश्न आला आणि मावशींचं उत्तर. तसा गळा दुसऱ्या कुणाचा नाय. आम्ही साथीत. पोरगी म्हणाली, "सो हम्बल!" आणि पुढचं गाणं लागलं.

मावशी उठल्या. चेहरा फुलला होता. "चहा टाकते," म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज सुरू झाल्यावर कांचनबाईंनी मला बोटाने जवळ बोलावलं.

"ते तूच कळवलं होतंस ना रेडिओला?"

"हो. माझी चूक झाली."

"चूक तिची झाली." त्या थांबून थांबून बोलत होत्या. "हो म्हणायला हवं होतं तिनं. मी सकाळपासून वाट बघत होते."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"त्या दिवशी स्टुडिओत ती माझ्या माईकवर गायली. मी भिंतीकडे तोंड करून ऐकलं. त्यानंतर पुष्कळ गायले गं मी. लोक यायचे, पाया पडायचे, म्हणायचे, बाई, ते तिसरं कडवं म्हणा. कुठून म्हणू? कार्यक्रमात दोनच कडवी म्हणून उठायची मी. पुढे आमंत्रणंच घेणं सोडलं." त्यांनी दम खाल्ला. "नवरा गेला, मग हे झटक्याचं झालं. सगळे पांगले. ही यायला लागली. दर मंगळवारी येते. डोकं विंचरते. खाऊ घालते. आणि जाताना ते कडवं माझ्या मानेवर ठेवून जाते. मला हिच्यावर एकदा चिडता येत नाही. चटणीत मीठ जास्त झालं तरी बोलता येत नाही. आज ती 'माझं आहे' म्हणाली असती, तर सुटले असते मी."

"मग तुम्हीच का नाही सांगून टाकत?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. "सांगितलं, आणि फिटलं सगळं, तर ती मंगळवारी कशाला येईल? आणि नाही आली, तर जाईल कुठे? तिला कोण आहे?" त्यांनी डाव्या हाताने चादर सारखी केली. "आणि मला तरी कोण आहे?"

आत मावशी आलं ठेचत होत्या. कांचनबाईंनी विचारलं, "कोरा कागद आहे तुझ्याकडे?"

तो माझ्याकडे नेहमी असतो. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. 'सदर हळदीच्या गाण्यातील तिसरे कडवे मी गायलेले नाही. ते शालिनी म्हसकर यांनी गायले आहे.' सदर मी घातलं, सवयीने. त्यांनी डाव्या हाताने सही केली, लहान मुलाने काढावी तशी, आणि शेजारी अंगठाही उठवला. शाईचा पॅड माझ्या पर्समध्ये असतो.

"हा कागद कुणाला द्यायचा?" मी विचारलं.

"मी गेल्यावर तिला दे. नाही तर आत्ताच त्या रेडिओवाल्या पोरीला दे. मला कळत नाही. तू बघ."

लोक मला असेच कागद देतात. तू बघ म्हणतात.

मावशी चहा घेऊन आल्या. बाईंचा कप स्टुलावर ठेवला, बशीत ओतून दिला. माझ्या हातातला कागद बघून म्हणाल्या, "काय लिवलंत एवढं?"

"दाखल्याचं," मी म्हटलं.

कांचनबाईंनी चहाचा घोट घेतला. साखर बहुतेक कमी होती, मलाही लागलं. त्या म्हणाल्या, "छान झालाय हो, शालू."

निघताना बाहेर काळोख पडायला लागला होता. रिक्षाच्या रांगेत मावशी माझ्यापासून नेहमीच्या अंतरावर उभ्या राहिल्या. आठवड्याचा अबोला त्यांनी सोडून दिला होता. तिथूनच, मधल्या दोन माणसांच्या डोक्यावरून ओरडल्या, "बघितलंस ना, बाई किती खूश झाल्या? उगाच माझ्यावर रागावली होतीस!"

रांगेतले लोक वळून बघायला लागले. मी मान हलवली.

१९ नोव्हेंबर. सकाळी दुकान उघडलं. मशीन तापायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात झाडून घेतलं. मग तो कागद लॅमिनेट केला, कडा कापल्या. गिऱ्हाइकं आपले कागद विसरून जातात, त्यांच्यासाठी काउंटरखाली एक पेटी आहे, आडनावाच्या अक्षराप्रमाणे लावलेली. 'म'च्या कप्प्यात तो ठेवला आणि पहिल्या म्हाताऱ्याला आत बोलावलं.